घासण्याचं शास्त्र

हॉस्टेलवर ‘घासणे’ या क्रियापदाचा एकच अर्थ आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमधला दिवा चालू ठेवून जो बसतो तो घासू, आणि त्याच्या नोट्सची झेरॉक्स काढून जे पास होतात ते बाकीचे सगळे. पण या लेखातलं घासणं म्हणजे खरोखरचं घासणं आहे. पॉलिश पेपर घेऊन, बोटं काळी करून, चांदीच्या एका छोट्याशा पानाला तासभर घासत बसणं. पेपर इथेही आहेत, नंबर इथेही आहेत, आणि मधला एखादा पेपर सोडून पुढच्याला बसलं तर एटीकेटी इथेही लागते!

विषय आहे मेटल क्ले, म्हणजे धातूची माती, आणि तिच्यापासून हाताने केलेल्या दागिन्यांचं फिनिशिंग. माझी मावशी ठाण्याला राहते. काका गेल्यानंतर तिने घरच्या टेबलावर हे दागिने करायला सुरुवात केली, त्याला आता आठ वर्षं झाली. तिचं आणि माझ्या मावसबहिणीचं घर त्यावर चालतं. सेकंड इयर संपल्यावर सुट्टीत मी महिनाभर तिच्याकडे होते, आणि माझ्या वाट्याला बहुतेक घासणंच आलं. एखादं पेंडंट घडवायला तिला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. घासायला दोन-तीन तास जातात. एवढा वेळ नेमका कशात जातो ते मला तिथे कळलं. आणि ते आपल्या फिटिंग शॉपच्या आणि मटेरियल सायन्सच्या लॅबच्या इतकं जवळचं निघालं, की मॅगझिनसाठी यावरच लिहायचं ठरवलं.

माती, पण चांदीची

आधी ही माती म्हणजे काय ते सांगते. 1990 च्या सुमारास जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा या संशोधकाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. चांदीची अतिशय बारीक पूड, ती धरून ठेवणारा एक सेंद्रिय बाइंडर आणि पाणी, एवढंच मिश्रण. पुडीचे कण काही मायक्रॉन आकाराचे असतात. हाताला ती पोळीच्या कणकेसारखी लागते. लाटता येते, साच्यात दाबता येते, तिच्यावर पिंपळाचं पान ठेवून दाबलं तर शिरान् शिर उमटते. पुढे आयडा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीची आर्ट क्ले ही माती आली, आणि 2008 मध्ये अमेरिकेतून ब्राँझची मातीही बाजारात आली.

वस्तू घडवून वाळवली की पाणी जातं. मग भट्टीत भाजली की बाइंडर जळून जातो आणि चांदीचे कण एकमेकांना चिकटतात. इथे चांदी वितळत नाही. शुद्ध चांदीचा द्रवणांक 961.8 अंश सेल्सिअस, आणि हल्लीच्या बऱ्याच चांदीच्या माती 650 ते 900 अंशांच्या दरम्यान भाजतात. कण घन अवस्थेतच राहतात, पण त्यांच्या पृष्ठभागावरचे अणू सरकत सरकत शेजारच्या कणाशी मान जोडतात. हे आपलं सिंटरिंग! पावडर मेटलर्जीच्या धड्यात आपण बुशिंग आणि कार्बाइड टूलच्या संदर्भात वाचतो तेच. हातात उरते ती शंभर नंबरी चांदी.

कणांमधल्या फटी मिटत जातात म्हणून वस्तू आकसते. सुरुवातीच्या मातीत हे आकसणं जवळजवळ 28 टक्के होतं; नंतरच्या मातींमध्ये ते साधारण 8 ते 12 टक्क्यांवर आलं. म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाची चकती भट्टीतून 18 मिलिमीटरची होऊन बाहेर येते. लांबीत 10 टक्के म्हणजे घनफळात 27 टक्के, हे गणित ज्याचं त्याने करून बघावं. अंगठी करताना म्हणूनच माप मोठं धरावं लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. वस्तू आकसते तसे तिच्यावरचे ओरखडेही आकसतात, पण जात नाहीत. भाजण्याआधी जो ओरखडा मातीत होता, तो भाजल्यावर चांदीत असतो. मातीत तो ओल्या बोटाने पुसला गेला असता. चांदीत तो काढायला अर्धा तास लागतो. 

कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला किंवा कुठलाही पारंपरिक कारागीर चांदी ओततो, तार खेचतो, डाग देऊन जोडतो. त्याच्या हातात पहिल्या क्षणापासून धातूच असतो आणि कानस धातूवरच चालते. मेटल क्लेच्या कारागिराला मात्र वस्तू धातू होण्याआधीची एक संधी जास्तीची मिळते. फिनिशिंग करायचं तर दोनदा करायचं: एकदा भाजण्याआधी आणि एकदा भाजल्यानंतर. त्यातलं पहिलं जितकं नीट, तितकं दुसरं थोडं.

पहिलं घासणं: खडू असताना

वाळलेली वस्तू खडूसारखी असते. म्हणजे घासायला अगदी सोपी, आणि मोडायलाही! ती पूर्ण वाळली आहे का हे बघायची मावशीची युक्ती साधी आहे. कोमट असतानाच वस्तू आरशावर ठेवायची आणि काही सेकंदांनी उचलायची. खाली वाफेचा डाग दिसला तर आत ओल आहे. ओल राहिली आणि वस्तू तशीच भट्टीत गेली, तर पाण्याची वाफ होऊन फोड येतो किंवा तडा जातो. ओली वस्तू घासली तर पेपरही लगेच भरून जातो.

मग सुरू होतं काम. कडांसाठी नखं घासायची साधी पट्टी चालते. वर्तुळाकार भोकासाठी गोल बारीक कानस. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘कानस’ हा शब्द मला फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्येच पहिल्यांदा भेटला. तोपर्यंत सगळ्या फाइल्स माझ्यासाठी सारख्याच होत्या!) सपाट भागासाठी 400 नंबरचा पेपर, मग 600 नंबरचा. पेपर टेबलावर ठेवलेल्या काचेवर पसरायचा आणि वस्तू त्याच्यावर आठाच्या आकारात फिरवायची. फिटिंग शॉपमध्ये आपण जॉब व्हाइसमध्ये पकडून कानस फिरवतो, इथे उलटं. कानस स्थिर, जॉब फिरता. सपाटपणा त्यामुळे आपोआप टिकतो.

वस्तू धरण्यातही शिस्त आहे. जिथे घासायचं त्याच्या जवळच धरायचं, आणि खाली रबराच्या ठोकळ्याचा आधार द्यायचा. पानाचं टोक हवेत ठेवून घासलं तर ते मोडणारच. एक टोक पक्कं धरलेलं, दुसऱ्या टोकावर लोड, आणि सगळ्यात जास्त बेंडिंग मोमेंट धरलेल्या जागी. कँटिलिव्हरची आकृती आपण शंभरदा काढली आहे. खडूची केली की ती लगेच पटते.

शेवटी ओलसर स्पंजचा किंवा ओल्या बोटाचा एक हलका हात. पाण्याने वरचा थर क्षणभर पुन्हा मऊ होतो आणि बारीक चरे भरून निघतात. फार ओलं करायचं नाही, नाहीतर पानाच्या शिराही पुसल्या जातात.

या टप्प्यावर पडणारी धूळ म्हणजे चांदी आहे. म्हणून सगळं काम कोऱ्या कागदावर करायचं. ती धूळ गोळा करून त्यात थेंब-थेंब पाणी घातलं की पेस्ट होते, आणि ती पुढच्या वस्तूचे सांधे भरायला कामी येते. आपल्याकडे सोनारांच्या दुकानातली राख-माती विकत घेऊन, ती धुऊन त्यातले सोन्या-चांदीचे कण काढणारे झारेकरी पूर्वीपासून आहेत. मावशीच्या टेबलावर सोनार आणि झारेकरी एकच! फक्त एक काळजी घ्यायची: पेपरचे सुटलेले दाणे या धुळीत मिसळलेले असू शकतात, म्हणून दर्शनी भागासाठी ही पेस्ट वापरायची नाही.

भट्टीतून पांढरं

भट्टीतून बाहेर आलेली वस्तू पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशाच होते. चांदी कुठे आहे? समोर असतं एक पांढरं, चुन्यासारखं काहीतरी. हा रंग लावलेला नाही आणि ती राखही नाही. ती चांदीच आहे, पण तिचा पृष्ठभाग इतका खडबडीत आहे की प्रकाश सगळीकडे विखुरतो. मीठ आणि साखर दाण्यादाण्याने पारदर्शक असूनही ढिगात पांढरी दिसते, त्यातलाच हा प्रकार. चांदी जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवते. पण एका दिशेने परत पाठवला तर आरसा, आणि दाही दिशांना पाठवला तर चुना!

इथे एक आकडा डोक्यात ठेवायचा. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन. पृष्ठभागावरचे उंचवटे-खळगे याच्या तुलनेत मोठे असतील तर प्रकाश विखुरतो. त्याच्यापेक्षा बरेच लहान झाले की प्रकाशाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग सपाट होतो, आणि आपल्याला त्यात आपलं तोंड दिसतं. न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काचेच्या पॉलिशबद्दल हेच म्हटलं होतं. पावडर कितीही बारीक असली तरी ती ओरखडेच काढते. ओरखडे दिसेनासे होण्याइतके बारीक झाले की त्याला आपण पॉलिश म्हणतो.

मला ही गोष्ट फार आवडली. आपण समजतो की चमक ही वरून लावायची वस्तू आहे, बुटाच्या पॉलिशसारखी. प्रत्यक्षात इथे काहीच लावायचं नसतं. मोठे ओरखडे काढायचे, त्यांच्या जागी लहान ओरखडे घालायचे, मग आणखी लहान. चमक उरते.

दुसरं घासणं: नंबराप्रमाणे

पॉलिश पेपरच्या मागे नंबर असतो. नंबर मोठा तर दाणा बारीक, कारण ही मोजणी मुळात चाळणीतून आली: एका इंचात जितकी भोकं जास्त, तितका चाळून निघालेला दाणा लहान. युरोपियन पद्धतीत नंबराआधी ‘पी’ असतो. त्या मोजमापात पी 220 चा सरासरी दाणा 68 मायक्रॉन, पी 400 चा 35, पी 600 चा सुमारे 26, पी 1200 चा 15 आणि पी 2000 चा सुमारे 10 मायक्रॉन. अमेरिकन पद्धतीत ‘पी’ नसतो, आणि त्यांचा 600 नंबर म्हणजे साधारण आपला पी 1200. दोन कंपन्यांचे पेपर एकत्र वापरणाऱ्याने पेपरची पाठ आधी वाचावी. नंबर वाढला असं वाटतं, आणि दाणा प्रत्यक्षात जाडच असतो.

दाणा 35 मायक्रॉनचा असला म्हणजे ओरखडा तेवढा खोल असतो असं नाही. तो त्याच्यापेक्षा बराच उथळ असतो. पण प्रमाण लक्षात घ्या. पी 220 ने काढलेली चर पी 1200 ने बुजवायला बसलं, तर 15 मायक्रॉनचा दाणा एका फेरीत इतका कमी धातू काढतो की हात दुखून येतात आणि चर तिथेच राहते. वर फसवणूक अशी, की चरीच्या आजूबाजूचा भाग चमकायला लागतो. म्हणून वाटतं की झालं. उन्हात धरलं की चर आणखी उठून दिसते, कारण आता ती चमकत्या पृष्ठभागात आहे. घाई करून पुढच्या पेपरला गेलेला माणूस शेवटी मागे येतो आणि सगळे पेपर पुन्हा देतो. एटीकेटी म्हटलं ती हीच.

मग पेपर संपला, आता पुढचा घ्यायचा, हे ओळखायचं कसं? इथे आपली मेटलर्जीची लॅब मदतीला येते. स्पेसिमेन पॉलिश करताना सर आपल्याला काय सांगतात? एमरी पेपर 1/0, 2/0, 3/0, 4/0 असे क्रमाने घ्यायचे, आणि प्रत्येक नव्या पेपरवर स्पेसिमेन 90 अंशांत फिरवायचा. जर्नलमध्ये हे वाक्य आपण सगळ्यांनी उतरवलं आहे. ‘का’ असं व्हायव्हात विचारलं की अर्धा वर्ग गप्प! कारण अगदी सोपं आहे. एका पेपरवर एकाच दिशेने घासलं की सगळे ओरखडे त्या दिशेत जातात. पुढच्या पेपरवर काटकोनात घासलं की नवे ओरखडे आडवे आणि जुने उभे. जोपर्यंत एकही उभा ओरखडा दिसतोय, तोपर्यंत या पेपरचं काम संपलेलं नाही. तो दिसेनासा झाला की पेपर बदला. घड्याळ बघायला नको, अंदाज नको. मावशीने मेटलर्जी शिकलेली नाही, तरी ती दर पेपरला पान काटकोनात फिरवते.

आणखी दोन गोष्टी लॅबमधल्याच. पहिली, पेपर बदलताना वस्तू आणि हात दोन्ही धुवायचे. पी 400 चा सुटलेला एक दाणा पी 1200 च्या पेपरवर गेला, तर तासाभराची मेहनत एका रेघेत जाते. दुसरी, पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे बघायला मार्कर पेनने वरून रंगवायचं आणि दोन हात मारायचे. जिथे शाई राहिली तिथे खळगा आहे. फिटिंगमध्ये सरफेस प्लेटवर निळा रंग लावून आपण उंचवटे शोधतो, त्याचाच हा भाऊ.

सपाट भागासाठी पेपर काचेवर. बाक असलेल्या भागासाठी स्पंजला चिकटलेला पेपर. आणि अडचणीच्या कोपऱ्यासाठी आईस्क्रीमच्या काडीला गुंडाळलेला पेपर. नक्षी असेल तर फक्त उंच भाग घासायचा, खोल भाग सोडून द्यायचा. पी 2000 नंतर आणखी पुढे जायचं असेल तर कापडासारखे मऊ पॉलिशिंग पेपर मिळतात, ज्यांचे दाणे 9, 3, 2 आणि 1 मायक्रॉनचे असतात. शेवटच्या पेपरवर चांदीत खिडकीचे गज दिसायला लागतात.

दाबून येणारी चमक

आतापर्यंत सांगितलं ते धातू काढून टाकणं. दुसरा मार्ग म्हणजे धातू न काढता तो दाबून सपाट करणं. भट्टीतून आलेल्या पांढऱ्या वस्तूवर पितळी किंवा स्टीलच्या तारांचा ब्रश साबणाच्या पाण्यात घासला की दोन-तीन मिनिटांत पांढरा रंग जाऊन मऊ, रेशमी चांदी दिसायला लागते. ब्रशच्या तारा ते सूक्ष्म उंचवटे मोडून आडवे करतात. आपले सोनार दागिना रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासतात. मावशीही रिठाच वापरते. फेस हवा, कारण कोरडा पितळी ब्रश चांदीवर पिवळट छटा सोडतो.

त्यानंतर कडांवरून गुळगुळीत स्टीलची किंवा अकीक दगडाची दांडी दाबून फिरवतात. याला बर्निशिंग म्हणतात. आणि वस्तू जास्त असतील तर टम्बलर: एक फिरतं पिंप, त्यात स्टेनलेस स्टीलच्या छोट्या गोळ्या आणि सळया, पाणी, साबणाचे थेंब आणि दागिने. तास-दोन तास फिरवलं की चकचकीत. केमिकलवाल्यांनी बॉल मिल आठवावी. फरक इतकाच की इथे दळायचं नाही, ठोकायचं आहे. या ठोकण्याने पृष्ठभागाची छिद्रं मिटतात आणि वर्क हार्डनिंगमुळे वरचा थर थोडा कडकही होतो. सिंटर केलेल्या वस्तूत थोडी सच्छिद्रता राहतेच आणि शुद्ध चांदी मऊ असतेच, म्हणून हा फायदा महत्त्वाचा.

पण एक लक्षात ठेवायचं. टम्बलर ओरखडा काढत नाही. तो ओरखड्याच्या आतली बाजूसुद्धा चमकवतो! पेपर न देता वस्तू टम्बलरमध्ये टाकली तर बाहेर येते ती चकचकीत ओरखड्यांची वस्तू. मशीन आधीचं काम चमकवून दाखवतं, आधीचं राहिलेलं काम करून देत नाही. 

सगळंच आरशासारखं करायला हवं असंही नाही. पानाच्या नक्षीला रेशमी फिनिश जास्त शोभतं आणि वापरात पडणारे चरे त्यात दिसत नाहीत. काही जण मुद्दाम काळं करतात. लिव्हर ऑफ सल्फर नावाचं गंधकाचं मिश्रण कोमट पाण्यात विरघळवून त्यात चांदी बुडवली की आधी सोनेरी, मग जांभळट, निळा आणि शेवटी काळा रंग येतो. आजीचे पैंजण कपाटात काळे पडतात तेच हे सिल्व्हर सल्फाइड, फक्त घाईने आणलेलं. मधले रंग हे पातळ थरातून होणाऱ्या प्रकाशाच्या इंटरफिअरन्सचे, पाण्यावरच्या तेलासारखे. मग वरून बारीक पेपरचा हात फिरवायचा. उंच भाग पांढरा होतो, शिरांमधला काळा राहतो, आणि पान जिवंत दिसतं. हे काम खिडकी उघडी ठेवूनच करायचं, आणि त्या द्रावणाजवळ कुठलंही ॲसिड आणायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

धूळ आणि बोटं

घासणं म्हटलं की धूळ आलीच, आणि ही गोष्ट गमतीची नाही. बर्निशिंगची अकीक दांडी मी वर सांगितली. अकीक घासणाऱ्या कारागिरांचं मोठं केंद्र म्हणजे गुजरातमधलं खंभात, आणि तिथल्या कारागिरांमध्ये दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार वर्षानुवर्षं दिसत आला आहे. एकदा झाला की तो बरा होत नाही. चांदीच्या मातीत तो दगड नसतो, पण बारीक धूळ ती धूळच. शिवाय चांदी दीर्घकाळ शरीरात जात राहिली तर त्वचा कायमची निळसर-राखाडी पडते; त्याला अर्जिरिया म्हणतात. म्हणून कोरडी वस्तू घासताना चांगला मास्क लावायचा आणि वर पंखा लावायचा नाही. भाजल्यानंतरचं घासणं पाण्यातच करायचं, त्यासाठी वॉटरप्रूफ पेपर मिळतो. पाण्यात धूळ उडत नाही, पेपर भरत नाही आणि दाणे वाहून जातात. टेबल झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आपल्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करताना गॉगल घातला की आपण सुरक्षित झालो असं समजतो, नाकाचं काय?

आठ वर्षं ओल्या पेपरवर बोटं फिरवून मावशीच्या अंगठ्याचे ठसे झिजले आहेत. नवं सिम कार्ड घ्यायला गेली तर मशीन अंगठा घेईना. दुकानदाराने पाच-सहा वेळा प्रयत्न केला, शेवटी करंगळी चालली. तिला त्याचं हसू आलं, मला नाही आलं. आपण ‘हँडमेड’ हा शब्द दुकानात किती सहज वाचतो! 

तिच्या कामातला मला सगळ्यात लक्षात राहिलेला भाग शेवटचा आहे. पेंडंट चमकून तयार झालं, दोरा ओवायची कडी लागली, की ती ते आधी उलटं करते. जुन्या रेशमी साडीचा एक तुकडा तिने ठेवलाय. त्यावरून पेंडंटची मागची बाजू आणि सगळ्या कडा फिरवते. एक धागा जरी अडकला तरी वस्तू परत पेपरकडे जाते. मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवते, कारण तिथली त्वचा पातळ असते. मी विचारलं, “मागची बाजू कोण बघतं?” ती म्हणाली, “बघत कोणीच नाही गं, पण अंगाला तीच लागते.” समोरची बाजू लोक क्षणभर बघतात. मागची बाजू घालणारीच्या गळ्यावर दिवसभर असते. टोचलं तर ती तक्रारही करणार नाही, दागिना डब्यात जाईल आणि पुन्हा निघणार नाही. पुढच्या वेळी ती मावशीकडे येणार नाही, एवढंच.

घरी करून बघा

चांदीची माती महाग असते, आणि हॉस्टेलवर भट्टी लावली तर रेक्टर सर आपल्यालाच भाजतील. पण घासणं शिकायला चांदी लागत नाही. एखादी जुनी पितळी किल्ली किंवा वर्कशॉपच्या भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून 400, 600, 1200 आणि 2000 नंबरचे वॉटरप्रूफ पेपर एकेक आणा. खोलीतल्या टेबलाची काच, शेजारी पाण्याचा मग. पहिल्या पेपरवर फक्त उभं घासा. दुसऱ्यावर आडवं, शेवटचा उभा ओरखडा जाईपर्यंत. धुवा. तिसऱ्यावर पुन्हा उभं. चौथ्यावर आडवं. मध्ये कोणी “झालं की रे, चमकतंय!” म्हणालं तर किल्ली ट्यूबलाइटखाली तिरकी धरून त्याला दाखवा.

शेवटी जुन्या सुती कापडावर ब्रासोचा थेंब घेऊन पुसा. किल्लीत ट्यूबलाइटची सरळ रेघ दिसली तर तुम्ही चारही पेपर पास. रेघ अस्पष्ट असेल तर कुठला पेपर राहिला ते ओरखड्याची दिशाच सांगेल.

आणि हो, किल्ली उलटी करा. अजून मागची बाजू घासायची आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)